पर्वतीय पर्यटनाच्या वाढीस कारणीभूत घटक : अजिंठा डोंगररांग व मोताळा परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

संयुक्त राष्ट्रसंघाने २००२ हे वर्ष 'आंतरराष्ट्रीय पर्वत वर्ष' म्हणून जाहीर केले होते. तेच वर्ष 'आंतरराष्ट्रीय पर्यावरणीय पर्यटन वर्ष' म्हणूनही पाळण्यात आले. पर्वत आणि पर्यटन या दोन विषयांचा एकाच वर्षी विचार व्हावा, हे स्वाभाविकच होते. डोंगराळ प्रदेशात शेतीयोग्य जमीन कमी, उद्योगांस प्रतिकूल भूरचना आणि रोजगाराच्या संधी मर्यादित असतात. अशा प्रदेशाला निसर्गाने दिलेले सौंदर्य हेच उत्पन्नाचे साधन ठरू शकते, असा विचार जगभर मांडला जाऊ लागला. महाराष्ट्रातही गेल्या दोन-तीन दशकांत डोंगरमाथे, घाट, धबधबे व अभयारण्ये यांकडे जाणाऱ्या पर्यटकांची संख्या झपाट्याने वाढली आहे.

परंतु ही वाढ सर्वत्र सारखी झालेली नाही. सह्याद्रीतील महाबळेश्वर, माथेरान व लोणावळा येथे पर्यटकांची दाटी होते. सातपुड्यातील चिखलदरा विदर्भाचे थंड हवेचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. मात्र उंचीने चिखलदऱ्याच्या बरोबरीचे असलेले नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ त्या मानाने शांत आहे. अजिंठा डोंगररांगेत जगप्रसिद्ध लेणी आहेत. पण त्याच रांगेच्या पूर्वेकडील उत्तर उतारावर वसलेला बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुका पर्यटनाच्या नकाशावर जवळजवळ दिसत नाही. डोंगर सगळीकडे आहेत, तरीही पर्यटन काही ठिकाणीच का वाढते, हा प्रश्न म्हणूनच विचारात घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात पर्वतीय पर्यटनाच्या वाढीमागील घटकांचे विवेचन केले असून, त्या घटकांच्या आधारे मोताळा परिसराची स्थिती तपासली आहे.

पर्वतीय पर्यटन : संकल्पना

पर्वतीय प्रदेशातील हवामान, भूरूपे, वनस्पती, वन्यजीव, धार्मिक स्थळे व लोकजीवन यांचा अनुभव घेण्यासाठी केलेला, साधारणपणे मुक्कामासह होणारा प्रवास म्हणजे पर्वतीय पर्यटन होय. या व्याख्येत 'मुक्काम' या शब्दास महत्त्व आहे. घाटातून गाडीने जाणारा प्रवासी आणि घाटमाथ्यावर एक रात्र राहणारा पर्यटक यांच्या खर्चात, तसेच त्यांच्यामुळे स्थानिक लोकांना मिळणाऱ्या उत्पन्नात मोठा फरक पडतो. पहिला वाटसरू असतो, दुसरा पाहुणा.

पर्यटनाच्या अभ्यासात प्रवासामागील कारणांचे दोन गट केले जातात. माणसाला घराबाहेर ढकलणारे घटक, म्हणजे मैदानी प्रदेशातील उन्हाळा, शहरातील गर्दी, कामाचा ताण, हाती असलेला पैसा व सुटी. दुसरे, विशिष्ट स्थळाकडे ओढणारे घटक, म्हणजे थंड हवा, हिरवाई, देवस्थान, किल्ला किंवा वाघाचे दर्शन. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे रस्ता, वाहन, निवास आणि माहिती. हा दुवा नसेल तर दोन्ही बाजूंचे घटक प्रबळ असूनही पर्यटन वाढत नाही.

मोताळा परिसराची भौगोलिक पार्श्वभूमी

वऱ्हाडचे 'पयानघाट' आणि 'बालाघाट' असे दोन पारंपरिक विभाग मानले जातात. पयानघाट म्हणजे घाटाखालचा पूर्णा नदीचा सखल, काळ्या मातीचा प्रदेश. बालाघाट म्हणजे घाटावरचा पठारी प्रदेश. या दोहोंच्या सीमेवर अजिंठा डोंगररांगेची कड आहे आणि मोताळा तालुका या कडेच्या पायथ्याशी वसलेला आहे. मोताळा हे तालुक्याचे ठिकाण बुलढाणा व मलकापूर यांच्या साधारण मध्यावर असून, बुलढाण्याकडे जाताना राजूर घाट चढावा लागतो.

ही कड महत्त्वाचा जलविभाजक आहे. उत्तर उतारावरून वाहणाऱ्या नळगंगा, विश्वगंगा व ज्ञानगंगा या नद्या पूर्णेस मिळतात आणि पूर्णा-तापीमार्गे त्यांचे पाणी अरबी समुद्रात जाते. बुलढाण्याजवळच्या घाटमाथ्यावर उगम पावणारी पैनगंगा मात्र दक्षिण-पूर्वेकडे वळून वर्धा व गोदावरीच्या खोऱ्यामार्गे आपले पाणी बंगालच्या उपसागरास देते. काही किलोमीटरच्या अंतरात पडणारा पाऊस दोन वेगवेगळ्या समुद्रांकडे जातो, ही बाब भूगोलाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला कुतूहलाची वाटावी अशी आहे.

डोंगर बेसॉल्ट खडकाचे असून त्यावर साग, सालई, अंजन, धावडा व पळस यांचे शुष्क पानझडी वन आहे. या वनाचा मोठा भाग १९९७ मध्ये घोषित झालेल्या सुमारे २०५ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येतो. अस्वल, बिबट्या, तरस, नीलगाय व चिंकारा हे येथील प्रमुख प्राणी होत. तालुक्यातील नळगंगा जलाशय, तसेच सोळाव्या शतकातील मशीद असलेले रोहिणखेड हे घाटपायथ्याचे ऐतिहासिक गाव, ही येथील आणखी काही आकर्षणे आहेत.

पर्वतीय पर्यटनाच्या वाढीस कारणीभूत घटक

१. उंची व हवामानातील भेद

समुद्रसपाटीपासून दर १,००० मीटर उंचीमागे तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने घटते. पर्यटकाच्या दृष्टीने मात्र निव्वळ उंचीपेक्षा तो जेथून येतो त्या ठिकाणाशी असलेला उंचीचा फरक अधिक महत्त्वाचा ठरतो. अमरावती सुमारे ३४० मीटर उंचीवर, तर चिखलदरा सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे. म्हणजे केवळ उंचीमुळे तापमानात सुमारे पाच अंशांचा फरक पडतो. मे महिन्यात विदर्भातील माणसाला हा फरक मोठा दिलासा वाटतो. पुणे व सुमारे १,३७० मीटर उंचीचे महाबळेश्वर यांच्यातही जवळपास तेवढाच फरक आहे.

बुलढाणा शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर असून घाटाखालील मलकापूरपेक्षा ते सुमारे ४०० मीटरने उंच आहे. येथे मिळणारा फरक अडीच अंशांच्या आसपासचा आहे. ब्रिटिश अमदानीत जिल्ह्याचे ठिकाण म्हणून बुलढाण्याची निवड होताना येथील आल्हाददायक हवा विचारात घेतली गेली. नोकरीनिमित्त कायम राहणाऱ्या अधिकाऱ्याला एवढा फरक पुरेसा होता. शेकडो मैल प्रवास करून यावे, असा ओढा निर्माण होण्यास मात्र तो अपुरा पडला. त्यामुळे या परिसराने उन्हाळी थंड हवेच्या ठिकाणांचे अनुकरण करणे हवामानाच्या दृष्टीने सयुक्तिक ठरत नाही.

२. दळणवळणाची साधने

डोंगर हे मूलतः दुर्गम असतात. त्यांची दुर्गमता कमी झाल्यावरच तेथील पर्यटन वाढते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि खंडाळा-लोणावळा मुंबईकरांच्या आवाक्यात आले. त्याच वर्षी इंग्लंडमधील थॉमस कुक यांनी स्वित्झर्लंडमध्ये पहिली आयोजित सहल नेली, हीदेखील रेल्वेच्या विस्ताराचीच फलश्रुती होती. नेरळ-माथेरान ही छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली, तर २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने लोणावळ्यास सुटीच्या दिवशीची सहल सहज शक्य केली.

मोताळा परिसराच्या बाबतीत वेगळीच स्थिती आढळते. येथे वाटा फार जुन्या आहेत. घाटाखालून घाटावर जाण्याच्या वाटेवर असल्यामुळेच रोहिणखेड येथे १४३७ व १५९० मध्ये लढाया झाल्या. पुढे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेली रेल्वे पूर्णेच्या मैदानातून, मलकापूरमार्गे गेली. आज मलकापूर-बुलढाणा मार्गावरून रोज मोठी वर्दळ असते. म्हणजे येथे वाटेची उणीव नाही. उलट वाट इतकी सरावाची आहे, की घाट हा ओलांडण्याचा टप्पा समजला जातो. दळणवळण हा पर्यटनवाढीचा आवश्यक घटक आहे, परंतु तो एकटा पुरेसा नाही, हे यावरून स्पष्ट होते.

३. बाजारपेठेचे सान्निध्य व फुरसतीचा काळ

डोंगराकडे जाणारा पर्यटक बहुधा शहरातून येतो. माथेरानच्या वाढीमागे मुंबईचे, तर महाबळेश्वरच्या वाढीमागे मुंबई व पुण्याचे सान्निध्य आहे. तोरणमाळ निसर्गदृष्ट्या समृद्ध असूनही मोठ्या शहरांपासून दूर राहिले. सहाव्या व सातव्या वेतन आयोगांनंतर नोकरदार वर्गाच्या हाती आलेला पैसा, स्वतःचे चारचाकी वाहन आणि लहान कुटुंब यांमुळे वर्षातून एका दीर्घ प्रवासाऐवजी अनेक छोट्या सहली काढण्याकडे कल वाढला. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांसाठी पाच दिवसांचा आठवडा लागू केल्यानंतर दोन दिवसांच्या सलग सुटीची त्यात भर पडली.

मोताळ्यापासून साधारण शंभर ते दीडशे किलोमीटरच्या टापूत अकोला, जळगाव व छत्रपती संभाजीनगर ही शहरे येतात. मुंबई-पुण्याच्या तुलनेत ही बाजारपेठ लहान असली, तरी एक-दोन दिवसांच्या सहलीसाठी ती पुरेशी आहे. शाळा-महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली हा तिचा एक स्थिर भाग होय.

४. धार्मिक व सांस्कृतिक वारसा

भारतात पर्वतीय प्रवासाची परंपरा थंड हवेच्या ठिकाणांहून फार जुनी आहे. सप्तशृंगी, भीमाशंकर, जोतिबा ही डोंगरावरील दैवते शतकानुशतके यात्रेकरूंना वर नेत आहेत. सप्तशृंगगडावर २०१८ मध्ये सुरू झालेली फ्युनिक्युलर ट्रॉली ही या परंपरेची आधुनिक सोय म्हणता येईल. अजिंठ्याच्या लेण्यांचीही गोष्ट अशीच आहे. उत्तरेकडून प्रतिष्ठानकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या आधाराने हे विहार उभे राहिले, मार्ग बदलल्यावर विस्मृतीत गेले, १८१९ मध्ये पुन्हा प्रकाशात आले आणि १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

बुलढाणा जिल्ह्यात शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान, घाटावरील सैलानी बाबांचा दर्गा, राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा आणि लोणारचे सरोवर ही मोठी आकर्षणे आहेत. लोणार सरोवरास २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या स्थळांकडे येणारा प्रवासी मोताळ्याच्या आसपासच असतो; परंतु त्याचा मुक्काम शेगावला तरी होतो किंवा छत्रपती संभाजीनगरला तरी.

५. निवास व सेवासुविधा

महाबळेश्वरची पायाभरणी १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात आरोग्यधाम म्हणून झाली. तेथे प्रथम राहण्याची व्यवस्था झाली, मग बाजारपेठ वसली आणि त्यानंतर प्रेक्षणीय 'पॉइंट' प्रसिद्ध झाले. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आजकाल अनेक ठिकाणी प्रथम प्रवेशद्वार, कमान व निरीक्षण मनोरे उभारले जातात आणि निवासाचा विचार शेवटी होतो. परिणामी पर्यटक सकाळी येतो, छायाचित्रे काढतो, प्लास्टिक टाकतो आणि सायंकाळी परत जातो. स्थानिकांच्या वाट्याला चहाची टपरी व कचरा एवढेच उरते.

६. ख्याती व प्रसिद्धी माध्यमे

पूर्वी गॅझेटिअर, प्रवासवर्णने व चित्रपट यांनी डोंगरांना ख्याती दिली. आज ते कार्य भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे करतात. ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाबतीत ही ख्याती एका वाघाने मिळवून दिली. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला व रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये बाहेर पडला आणि महाराष्ट्र व तेलंगणाच्या अनेक जिल्ह्यांतून सुमारे १,३०० किलोमीटरची भटकंती करून डिसेंबर २०१९ मध्ये ज्ञानगंगेत पोहोचला. 'वॉकर' या नावाने तो देश-विदेशांतील वृत्तपत्रांत झळकला. कोणत्याही जाहिरातीने झाली नसती एवढी या जंगलाची ओळख त्या प्रवासामुळे झाली.

७. शासकीय धोरण

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची १९७५ मधील स्थापना, 'निवास व न्याहारी' योजना, २०२० चे कृषी पर्यटन धोरण व २०२४ चे पर्यटन धोरण यांमुळे पर्यटनास उद्योगाचे स्वरूप येण्यास मदत झाली. पायाभूत सुविधांवरील गुंतवणूकही यात मोडते. बुलढाणा जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण लांबीने खुला झाला असून, त्याचा थेट लाभ लोणार व सिंदखेडराजा भागास होणे अपेक्षित आहे.

घटकांचा परस्परसंबंध आणि मोताळ्याचा प्रश्न

वरील घटक सुटेपणाने कार्य करत नाहीत. त्यांचे नाते बेरजेपेक्षा गुणाकाराचे आहे. गुणाकारात एक संख्या शून्य असेल तर फळ शून्यच येते. मोताळा परिसरात रस्ता आहे, घाट आहे, जंगल आहे, जलाशय आहे, जवळपास यात्रेकरूंचा ओघ आहे आणि अलीकडे ख्यातीही आहे. शून्याच्या जवळ असलेला घटक एकच, तो म्हणजे मुक्काम. पर्यटक येथून जातो, पण येथे थांबत नाही.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. केंद्र शासनाने २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा जिल्ह्याचा समावेश होता. घाटपायथ्याची गावे कोरडवाहू कापूस, सोयाबीन व तुरीवर अवलंबून आहेत. एक हंगाम हातचा गेला, तर दुसरे साधन नसते. अशा गावात पर्यटनातून मिळणारे अल्प उत्पन्नही कुटुंबाला आधार देऊ शकते.

येथे हंगामाचा मुद्दा कळीचा ठरतो. अजिंठा रांगेचे पानझडी वन जुलै ते ऑक्टोबर या काळात हिरवेगार असते. सर्वसाधारण पर्यटक याच काळात घाटात येतो. परंतु निंदणी, फवारणी व सोयाबीनची सोंगणी यांचाही हाच काळ असतो. म्हणजे शेतीला माणसांची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच पर्यटनही त्यांना बोलावते. आणि फेब्रुवारी ते मे या काळात हाताला काम नसते, तेव्हा पर्यटकही नसतो. त्यामुळे केवळ पावसाळी सहलींवर विसंबलेले पर्यटन येथील शेतकरी कुटुंबाच्या रिकाम्या महिन्यांना भरून काढू शकत नाही. शेतीशी स्पर्धा न करता तिला पूरक ठरेल असे पर्यटन हिवाळा व उन्हाळ्यातच शोधावे लागेल.

वाढीच्या मर्यादा

रिचर्ड बटलर यांनी १९८० मध्ये पर्यटनस्थळाच्या जीवनचक्राची कल्पना मांडली. शोध, स्थानिकांचा सहभाग, विकास, दृढीकरण व कुंठितावस्था अशा टप्प्यांतून स्थळ जाते आणि पुढे त्याचा ऱ्हास तरी होतो किंवा पुनरुज्जीवन तरी. पर्वतीय स्थळांबाबत हे चक्र लवकर पूर्ण होण्याचा धोका असतो, कारण तेथे जागा, पाणी व मातीची स्थिरता मर्यादित असते. वाढीस कारणीभूत ठरलेले घटकच पुढे मूळ आकर्षणाचा नाश करू लागतात.

याची उदाहरणे दूरची नाहीत. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित करावे लागले. २०१३ मधील केदारनाथची आपत्ती व २०१८ मधील सिमल्याची पाणीटंचाई यांनी हिमालयातील अनियंत्रित वाढीकडे लक्ष वेधले. जून २०२४ मध्ये लोणावळ्यातील भुशी धरण परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा पावसाळी पर्यटनातील सुरक्षिततेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरलाही पाण्याचे नियोजन करावे लागते. बेसॉल्टच्या उतारावरून पाणी वेगाने वाहून जाते आणि खडकात फारसे साठत नाही. मग जेथे सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्या घाटपायथ्यावर मोठी हॉटेले व जलक्रीडा केंद्रे यांची कल्पना किती व्यवहार्य ठरेल, याचा विचार अगोदरच व्हावयास हवा. नळगंगेचे पाणी प्रथम शेतीचे व पिण्याचे आहे. गोसीखुर्दचे पाणी नळगंगेपर्यंत आणणाऱ्या वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पास राज्य शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली असली, तरी त्याचा मूळ हेतू सिंचन हाच आहे.

वन्यजीवांची मर्यादा तर याहूनही काटेकोर आहे. २०५ चौरस किलोमीटर हे क्षेत्र मोठ्या वन्यप्राण्यांसाठी लहानच आहे. 'वॉकर'ने पार केलेले अंतर एक गोष्ट सांगते : या जंगलाचे खरे मोल ते दुसऱ्या जंगलांशी जोडलेले असण्यात आहे. शेते, नाले व डोंगरकपारींतून जाणारे हे संचारमार्ग कुंपणांनी, रिसॉर्टनी व रात्रीच्या वाहतुकीने तुटले, तर ज्या वाघामुळे पर्यटक येथे येऊ इच्छितो, तो वाघ पुन्हा येणार नाही.

मोताळा परिसरासाठी विचारात घ्यावयाच्या बाबी

उपरोक्त विवेचनाच्या आधारे काही दिशा सुचविता येतात.

पहिली बाब निवासाची. नव्या मोठ्या बांधकामांपेक्षा घाटपायथ्याच्या गावांतील घरांमध्येच दोन-तीन खोल्यांची 'निवास व न्याहारी' सोय उभारणे कमी खर्चाचे व अधिक लाभाचे ठरेल. ज्वारीची भाकरी, ठेचा, पिठले आणि वऱ्हाडी पाहुणचार यांसाठी वेगळे भांडवल लागत नाही. शेगाव व लोणारकडे जाणाऱ्या प्रवाशाची एक रात्र जरी येथे थांबली, तरी उत्पन्न गावातच राहील.

दुसरी बाब हंगामाची. हिवाळ्यात नळगंगा जलाशयावरील पक्षी-निरीक्षण, महाविद्यालयांसाठी जलविभाजक, बेसॉल्ट थर व वनस्पती यांचा क्षेत्र-अभ्यास, तसेच उन्हाळ्यात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणावरून वनविभागाच्या देखरेखीखाली होणारे प्राणी-निरीक्षण हे उपक्रम शेतीच्या रिकाम्या काळाशी जुळणारे आहेत. स्थानिक तरुणांना मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण देण्यात जिल्ह्यातील महाविद्यालयांचे भूगोल, इतिहास, प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभाग मोलाची भूमिका बजावू शकतात.

तिसरी बाब नियंत्रणाची. याचे उत्तम उदाहरण याच डोंगररांगेत आहे. अजिंठा लेणी पाहण्यास येणारी खासगी वाहने फर्दापूरच्या तिठ्यावरच थांबविली जातात आणि पुढील सुमारे चार किलोमीटरचे अंतर बसने पार करावे लागते. कास पठारावरही फुलांच्या हंगामात दैनंदिन पर्यटकसंख्येवर मर्यादा घातली जाते. माथेरानमध्ये वाहनबंदी असूनही पर्यटक कमी झाले नाहीत. किंबहुना ती शांतता हेच त्याचे आकर्षण बनले. मोताळा परिसरात नियंत्रणाची ही व्यवस्था पर्यटक वाढल्यानंतर करण्याऐवजी आरंभीच करता येणे शक्य आहे. उशिरा सुरुवात करणाऱ्या प्रदेशाला मिळणारा हा एक मोठा लाभ होय.

समारोप

पर्वतीय पर्यटनाची वाढ ही उंची व हवामान, दळणवळण, बाजारपेठ, सांस्कृतिक वारसा, निवास, ख्याती आणि शासकीय धोरण या घटकांच्या एकत्रित क्रियेतून घडते. यांपैकी निसर्गदत्त घटक मनुष्याच्या हाती नसतात. उरलेले घटक मात्र त्याच्या निर्णयांवर अवलंबून असतात. महाबळेश्वर व माथेरान यांचा इतिहास पाहता, डोंगराला पर्यटनस्थळाचे रूप माणसांच्या निर्णयांनी दिले, असेच म्हणावे लागते.

मोताळा परिसराला उंचीचे वरदान मर्यादित मिळाले आहे. त्यामुळे 'वऱ्हाडचे महाबळेश्वर' होण्याची स्पर्धा त्याने करू नये. दोन समुद्रांकडे पाणी पाठविणारी डोंगरकड, पायथ्याची ऐतिहासिक गावे, लहान परंतु जिवंत जंगल आणि आसपास वाहणारा यात्रेकरूंचा ओघ ही त्याची स्वतंत्र बलस्थाने आहेत. किती पर्यटक आले, यापेक्षा किती जण थांबले, त्यांनी खर्च केलेला पैसा किती घरांपर्यंत पोहोचला आणि जंगलाची वाट वन्यप्राण्यांसाठी किती मोकळी राहिली, या तीन कसोट्यांवर येथील पर्यटनाचे मोजमाप झाल्यास ही वाढ कोरडवाहू शेतकऱ्याला आधार देणारी व डोंगराला पेलणारी ठरेल.